नोंदी मोबाइलमध्ये ठेवा, पण किल्ली आपल्या हातात ठेवा



"मोबाइलमध्ये नोंदी कशात ठेवू गं?" हा प्रश्न हल्ली मला मंडळात, लग्नाच्या पंगतीत, अगदी स्थानकाच्या पायऱ्यांवरसुद्धा विचारला जातो. विचारणारीला एक नाव हवं असतं. फुकट असावं, दिसायला छान असावं, मराठीत बोललं की लिहून घेणारं असावं. मी मात्र आधी उलट विचारते: ज्या दिवशी ते अ‍ॅप सोडावंसं वाटेल, त्या दिवशी तुझ्या सगळ्या नोंदी तुझ्याबरोबर बाहेर येतील का?

बहुतेकींनी याचा विचारच केलेला नसतो. काहीजणी हसतात. "आपल्या नोंदीत असं काय सोनं आहे?" म्हणतात. आज मला या हसण्यावरच बोलायचं आहे, आणि जरा कडक बोलणार आहे.

काय आहे म्हणता आपल्या नोंदीत? नारायणगावातल्या आपल्या कुठल्याही घरातल्या बाईचा मोबाइल उघडा. आहेराची यादी असते, कुणी काय दिलं आणि आपण कुणाचं किती देणं लागतो. पर्युषणात कुणाची अठ्ठाई झाली, वर्षीतपाचं पारणं कुणाकडे आहे. साध्वीजींचा विहार जुन्नरहून इकडे होणार असेल तर पहाटे बरोबर कोण चालणार. सासूबाईंच्या गोळ्या, आणि चोविहारामुळे त्यातल्या कोणत्या सूर्यास्ताच्या आत द्यायच्या. कांदा-लसणाशिवायच्या भाजीचं वाटण, उडदाच्या पापडाचं प्रमाण, मुलांच्या लसी, भिशीचा नंबर, लॉकर कधी उघडला त्याची तारीख. आणि काहीजणींच्या मोबाइलमध्ये आलोयणेसाठी लिहून ठेवलेले स्वतःचे दोषही असतात, जे गुरूंशिवाय कुणाच्या कानावर जायचे नसतात.

घरातल्या पुरुषांची खतावणी दुकानाच्या कपाटात कुलपात असते. दिवाळीला तिची पूजा होते. आपली खतावणी मात्र कुठल्या तरी अनोळखी कंपनीच्या कॉम्प्युटरवर पडलेली असते, आणि तिची किंमत विचारली की आपणच हसतो. दुकानाची वही हरवली तर उधारी बुडते. आपली वही हरवली तर दोन पिढ्यांचा व्यवहार, औषधं आणि नातीगोती एकदम विस्कटतात. मग तिला सोनं का म्हणू नये?

आता प्रतिक्रमणातलं आठवा. श्रावकाच्या दुसऱ्या व्रतात मोठी खोटी कोणती ते सांगितलं आहे: कन्येविषयीचं, गाईविषयीचं, जमिनीविषयीचं, खोटी साक्ष, आणि थापणमोसो. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली थापण परत न करणं. वरवर पाहिलं तर ही चोरी वाटते, मग ती खोट्याच्या यादीत का? मला याचा अर्थ असा लागतो की थापण ठेवणाऱ्याच्या हातात पुष्कळदा दुसरं काही नसतं. फक्त समोरच्याचा शब्द असतो. तो शब्द फिरला की सगळं गेलं. म्हणून आपल्या शास्त्राने शब्द फिरवण्यालाच मोठा दोष मानलं.

अ‍ॅपमध्ये लिहिलेली प्रत्येक नोंद ही थापणच आहे. फरक एवढाच की इथे समोरच्याने शब्दसुद्धा दिलेला नसतो. उलट "मान्य आहे" हे बटण आपणच दाबतो. न वाचलेल्या त्या लांबलचक करारात सेवा बदलण्याचा आणि बंद करण्याचा हक्क कंपनीने बहुतेक वेळा स्वतःकडे राखून ठेवलेला असतो.

"एवढ्या मोठ्या कंपन्या काय आपल्या पापडाच्या नोंदी बुडवणार?" बुडवायला वाईट हेतू लागतोच असं नाही. गुगलचं 'नोटबुक' नावाचं नोंदींचं साधन २००६ मध्ये आलं आणि २०१२ मध्ये बंद झालं. पुढे २०१३ मध्ये त्याच गुगलने 'कीप' काढलं, जे आज आपल्यापैकी अनेकींच्या मोबाइलमध्ये आहे. 'वंडरलिस्ट' हे याद्यांचं लाडकं अ‍ॅप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं. 'एव्हरनोट' हे तर एकेकाळी नोंदींच्या अ‍ॅपमधलं सगळ्यात मोठं नाव. ते इटलीतल्या एका कंपनीकडे गेलं, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून फुकट वापरणाऱ्यांना पन्नास नोंदी आणि एकच वही अशी मर्यादा आली. पन्नास नोंदी म्हणजे आपल्याकडचा एका लग्नाचा पसारा! जुन्या नोंदी काढून नेता येत होत्या, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. ज्यांनी त्या काढून नेल्या त्यांचं काही अडलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की बाहेरचा दरवाजा उघडा असला की मालक बदलला तरी आपलं घर बुडत नाही.

आणि आपल्या देशातलं उदाहरण. २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. सगळ्यांना टिकटॉक आठवतं. पण त्या यादीत 'कॅमस्कॅनर'ही होतं. कागदपत्रांचे फोटो काढून नीट ठेवायला कितीतरी घरांत ते वापरलं जायचं. त्या बंदीच्या बऱ्या-वाईटात मी जात नाही. कारण सीमेवरचं होतं, आणि परिणाम आपल्या शाळेच्या दाखल्यांच्या फाइलपर्यंत आला. उद्याचं कारण काय असेल ते मलाही माहीत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून तर आपली एक प्रत आपल्याकडे हवी.

मराठी माणसाला हा धडा आणखी एका वाटेने मिळालेला आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी टाइप व्हायचं ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडायचं नाही. त्या काळात केलेल्या स्मरणिका, वंशावळी, स्तवनांच्या वह्या आज उघडून बघा. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. फाइल आपल्याकडे आहे, अक्षरं आपली आहेत, तरी वाचता येत नाही. म्हणजे नुसती फाइल हातात असून भागत नाही. ती साध्या, कुठेही उघडणाऱ्या रूपात असावी लागते.

आपल्या गावात हे शेतकऱ्याला कळतं. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या उपबाजारात क्रेट उतरतात, भाव ठरतो, आणि शेतकरी हिशोबपट्टी हातात घेऊनच घरी जातो. व्यापारी कितीही ओळखीचा असो, "तुमच्याकडे लिहिलंय ना, मग झालं," असं म्हणून कुणी रिकाम्या हाताने परत जात नाही. यात व्यापाऱ्याचा अपमान नाही. उलट दोघांकडे कागद असला की संबंध चांगले राहतात. मग आपणच कशा पट्टी न घेता वर्षानुवर्षं माल टाकत राहतो?

कायदा सांभाळेल, या भरवशावरही राहू नका. आपल्या देशात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा, पुसायला लावण्याचा, आपल्यामागे कुणी हक्क बजावायचा ते नेमण्याचा अधिकार आहे. पण आपली माहिती वापरता येईल अशा रूपात परत मागण्याचा जो अधिकार २०१९ च्या विधेयकात होता, तो या कायद्यात आलाच नाही. युरोपातल्या बाईला तो २०१८ पासून आहे. आपल्याला नाही. त्यामुळे दरवाजा आहे की नाही हे आत जाण्याआधी आपणच बघायचं.

आता ज्या मैत्रिणी म्हणतात, "आपण अपरिग्रह मानणारी माणसं, नोंदी गेल्या तर गेल्या, एवढा मोह कशाला?" त्यांच्याशी मला मनापासून भांडायचं आहे. अपरिग्रहाची ढाल आळसासाठी वापरू नका. त्याग आपल्या हातातल्या गोष्टीचा होतो. हातातून निसटलेल्या गोष्टीला त्याग म्हणत नाहीत, त्याला बेफिकिरी म्हणतात, आणि आपल्या धर्मात पाण्याचा थेंब वापरतानासुद्धा जयणा सांगितली आहे. दहा हजार नोंदी दुसऱ्याच्या घरात न बघता साठवत राहणं हाच तर परिग्रह आहे! जी वर्षातून एकदा आपल्या नोंदी बाहेर काढते, चाळते, नको त्या पुसते, ती अपरिग्रहाच्या जास्त जवळ आहे.

शिवाय ज्ञान जपण्याच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी कधीच "गेलं तर गेलं" म्हटलं नाही. आगमं कंठस्थ होती. दुष्काळ पडले, साधूंची परंपरा तुटू लागली, स्मरण कमी पडू लागलं, तेव्हा वीर निर्वाणानंतर ९८० व्या वर्षी (दुसऱ्या गणनेने ९९३ व्या) देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वल्लभीला ती लिहून घेतली. पुढे पंधराव्या शतकात जिनभद्रसूरींनी ज्ञानभंडार उभे केले ते एका गावात नाही, अनेक गावांत. एका ठिकाणी आग लागली, आक्रमण आलं, तरी दुसरीकडे प्रत उरावी. पोथी लिहून घेऊन भंडारात देणं हे पुण्य मानलं गेलं, आणि त्यात कितीतरी श्राविकांनी पैसा घातला.

याची उलट बाजूही आपल्याच इतिहासात आहे. दिगंबर परंपरेतले धवल, जयधवल, महाधवल हे सिद्धांतग्रंथ कर्नाटकात मूडबिद्रीला ताडपत्रांवर होते. शतकानुशतकं लोक त्यांचं दर्शन घ्यायचे, पण वाचायला मिळायचे नाहीत. ज्यांनी ते सांभाळले ते दुष्ट नव्हते. ते श्रद्धावान होते आणि त्यांच्यामुळेच ताडपत्रं टिकली. पण ग्रंथ समाजाचा आणि त्यातला मजकूर समाजाला अप्राप्य, अशी स्थिती झाली. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि इतरांनी खटपट केली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रती करण्याचं काम सुरू झालं, तेही प्रत बाहेर जाणार नाही या बोलीवर. प्रत करणाऱ्या गजपती शास्त्रींनी गुपचूप आणखी एक प्रत तयार केली, आणि त्या कामात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा मोठा हात होता. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून धवलेचा पहिला खंड छापून काढला आणि एकंदर सोळा खंड झाले. ते काम चोरून करावं लागलं हे बरोबर की चूक यावर आजही दोन मतं असू शकतात. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे: सांभाळणारा कितीही चांगला असला, तरी प्रत बाहेर नेण्याची वाट त्याच्या मर्जीवर असेल तर ज्ञान आपलं राहत नाही. आणि ती वाट उघडण्यात एका बाईचा हात होता, हे आपण बायकांनी विसरू नये.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. अ‍ॅप कोणतंही असो, खातं कुणाच्या नावावर आहे?

आपल्यापैकी किती जणींना स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड पाठ आहे? मोबाइल घेतला तेव्हा मुलाने खातं उघडून दिलं, किंवा दुकानातल्या पोराने. पासवर्ड विसरला तर ओटीपी जातो 'ह्यां'च्या नंबरवर, नाहीतर पेढीच्या नंबरवर. घर छान चाललंय तोवर यात काहीच वावगं वाटत नाही. पण मुलगा परदेशी गेला, पेढीच्या वाटण्या झाल्या, तो नंबर बंद पडला, किंवा देव न करो, ज्यांच्या नावावर तो नंबर होता तेच राहिले नाहीत, तर त्या बाईला तिच्याच नोंदी उघडण्यासाठी चार जणांच्या विनवण्या कराव्या लागतात. हे मी आपल्या ओळखीच्या घरांत होताना पाहिलं आहे. आणि घरच्यांवर विश्वास नाही का, असं विचारणाऱ्यांना सांगा की विश्वास आहेच. पण कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरणारी आपली आजी काय आजोबांवर अविश्वास दाखवत होती?

सासूबाईंच्या जुन्या खात्याकडेही बघा. गुगलचा नियम असा आहे, की दोन वर्षं न उघडलेलं वैयक्तिक खातं आतल्या सगळ्या गोष्टींसह पुसलं जाऊ शकतं. त्यांनी सांगितलेल्या मसाल्याच्या नोंदी त्यात पडून असतील तर आजच उघडा.

तर मग निवडायचं कसं? मी चार परीक्षा घेते, आणि त्या वाचून नाही, करून बघायच्या.

पहिली: दोन नोंदी लिहा आणि लगेच सगळ्या बाहेर काढून बघा. सेटिंगमध्ये 'एक्सपोर्ट' सापडतं का, आणि जे निघतं ते साध्या मजकुराच्या रूपात कुठेही उघडतं का? नुसती पीडीएफ मिळत असेल तर ती वाचायला ठीक, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये न्यायला निरुपयोगी. गुगल कीपमधून 'टेकआउट' नावाच्या वाटेने सगळं निघतं, वाट जरा आडवळणाची आहे एवढंच.

दुसरी: मोबाइल विमान मोडवर टाका आणि नोंद उघडा. माळशेजच्या घाटात रेंज गेली आणि औषधाची यादी उघडली नाही, तर ती यादी तुमच्याकडे नाही, दुसऱ्याकडे आहे.

तिसरी: कंपनीला तुमची नोंद वाचता येते का? काही अ‍ॅप मजकुराला तुमच्याच मोबाइलवर कुलूप लावून मग पुढे पाठवतात, कंपनीलाही तो उघडत नाही. 'स्टँडर्ड नोट्स' तसं आहे, 'जॉपलिन'मध्ये ती सोय चालू करावी लागते. पण लक्षात ठेवा, अशा ठिकाणी पासवर्ड विसरलात तर कुणीही मदत करू शकत नाही. तो कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवा.

चौथी: अ‍ॅप उद्या बंद झालं तर काय उरतं? 'ऑब्सिडियन'मध्ये प्रत्येक नोंद ही तुमच्याच मोबाइलवरच्या फोल्डरमधली साधी फाइल असते. कंपनी गेली तरी फाइल राहते. 'जॉपलिन'चा तर आतला सगळा कोडच जगासमोर खुला आहे, आणि कॉम्प्युटरवरून सगळ्या नोंदी साध्या मजकुरात काढता येतात. दोन्ही शिकायला पहिले चार दिवस जड जातात, हे खरं. दही लावायलाही कुणीतरी शिकवलंच होतं ना?

व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज टाकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. किराण्याची यादी तिथे खुशाल टाका. चॅट एक्सपोर्ट केलं की मजकुराची फाइलही मिळते. पण आहेराची वही तिथे ठेवू नका, तीनशे 'सुप्रभात'च्या शेजारी तिला जागा नको. आणि आलोयणेचे दोष कुठल्याच अ‍ॅपमध्ये लिहू नका. ते कागदावर लिहा, गुरूंसमोर वाचा, आणि प्रायश्चित्त मिळालं की कागद फाडून टाका.

कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, आपण पोथ्या बाहेर काढतो, धूळ झटकतो, नवी वेष्टनं घालतो. यंदा त्या दिवशी मोबाइलमधली वहीही बाहेर काढा. सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये घ्या, एक प्रत पेन ड्राइव्हवर टाका, आहेराची आणि औषधांची पानं छापून कपाटात ठेवा, खात्याला स्वतःचा नंबर जोडा. तासाभराचं काम आहे. नोंदी निघाल्या तर तुमचं अ‍ॅप कोणतंही असो, माझी काही तक्रार नाही. आणि निघाल्या नाहीत, तर त्याच दिवशी त्यात नवीन लिहिणं थांबवा. बाहेरचा दरवाजा नसलेल्या घरात आणखी सामान नेऊन ठेवू नका.

जय जिनेंद्र!